टकरीच्या गणितांत सूत्राआधी काय ठरवावे

बारावीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ती जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या दोन्ही परीक्षांची तयारी करते आहे. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, याच्या अक्षय्यतेचा नियम तिला येतो, टकरीनंतरच्या दोन वेगांची लांबलचक सूत्रेही तिने पाठ केली आहेत. परंतु गणित समोर आले की ऊर्जेचे समीकरण मांडावे की संवेगाचे, हे तिला ठरवता येत नाही, आणि पुष्कळदा तिने काढलेले उत्तर चार पर्यायांपैकी एक असूनही चुकीचे ठरते. या भागाचा अभ्यास कसा करावा, असे तिने विचारले आहे.

या प्रश्नातला शेवटचा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पर्याय तयार करणाऱ्या परीक्षकाला विद्यार्थी नेमके कुठे घसरतात हे ठाऊक असते आणि त्या घसरण्यातून येणारे आकडेच तो पर्यायांत ठेवतो. त्यामुळे काढलेले उत्तर पर्यायांत सापडणे हा ते बरोबर असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. अनेक वर्षे हा विषय शिकवताना माझे असे मत झाले आहे की टकरीच्या गणितांतील बहुतेक चुका बीजगणिताच्या नसतात. लावलेला नियम खरा असतो; पण ज्या काळासाठी, ज्या वस्तूंसाठी किंवा ज्या दिशेत तो लावलेला असतो, तिथे तो लागू नसतो. म्हणून सूत्र लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: कोणत्या वस्तू मिळून एक संच धरायचा, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा विचार करायचा, आणि कोणत्या दिशेतील संवेगाबद्दल बोलायचे.

काळाचा मुद्दा आधी घेऊ, कारण सर्वाधिक गुण तिथे जातात. दोरीला टांगलेल्या १.९९ किलोग्रॅमच्या लाकडी ठोकळ्यात १० ग्रॅमची गोळी ४०० मी/से वेगाने आडवी शिरते आणि आतच रुतून बसते. ठोकळा किती उंच जाईल? इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्यासाठी याच धर्तीचा लंबक वर्णन केला होता. घाईत असलेला विद्यार्थी गोळीची ८०० ज्यूल गतिज ऊर्जा थेट स्थितिज ऊर्जेइतकी मानतो आणि गुरुत्व त्वरण १० मी/से² धरून ४० मीटर हे उत्तर काढतो. दोन किलोचा ठोकळा तेरा मजली इमारतीइतका उंच जाईल का, एवढा विचार केला तरी शंका यावी. प्रत्यक्षात इथे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला टप्पा गोळी रुतण्याचा, जेमतेम काही सहस्रांश सेकंदांचा. त्यात संवेग टिकतो आणि ऊर्जा टिकत नाही, म्हणून गोळीसह ठोकळ्याचा वेग, गोळीचा संवेग ४ भागिले एकूण वस्तुमान २, म्हणजे २ मी/से येतो. दुसरा टप्पा ठोकळा वर जाण्याचा. त्यात यांत्रिक ऊर्जा टिकते, संवेग टिकत नाही, आणि उंची ०.२ मीटर येते. पहिल्या टप्प्यात ८०० पैकी ७९६ ज्यूल लाकूड फाटण्यात आणि उष्णतेत गेले. वेगवेगळ्या टप्प्यांना वेगवेगळे नियम, ही गोष्ट वहीत चित्रांनीच मांडावी: टकरीच्या लगेच आधीचे चित्र, लगेच नंतरचे चित्र आणि अखेरच्या स्थितीचे चित्र. ‘लगेच’ हा शब्द इथे मनापासून घ्यायचा आहे. दुसऱ्या चित्रात ठोकळा अजून पहिल्याच जागी असतो. बदललेला असतो तो फक्त त्याचा वेग.

आता संचाचा आणि बाह्य बलाचा मुद्दा. संवेग टिकण्यासाठी बाह्य बल शून्य असावे, असे पाठ्यपुस्तक सांगते आणि विद्यार्थी विचारतात की मग गुरुत्वाकर्षण असताना संवेग टिकतो तरी कसा. त्याचे उत्तर आवेगात, म्हणजे बल आणि काळ यांच्या गुणाकारात आहे. वरचीच गोळी टेकूवर ठेवलेल्या ठोकळ्यात खालून उभी मारली आणि रुतायला एक सहस्रांश सेकंद लागला, तर तेवढ्या काळात २ किलोच्या वजनाचा आवेग ०.०२ किलोग्रॅम मी/से होतो, तर गोळीचा संवेग आहे ४. अर्ध्या टक्क्याचा हा फरक आपण सोडून देतो. वजन, स्प्रिंगचे बल आणि नेहमीचे घर्षण ही ठरावीक आकाराची बले असल्याने टकरीच्या क्षणिक काळात त्यांचा आवेग नगण्य राहतो. परंतु काही बले परिस्थितीनुसार हवी तेवढी मोठी होतात: जमिनीची लंब प्रतिक्रिया, ताठ ओढलेल्या, पण लांबू न शकणाऱ्या दोरीतला ताण, बिजागरीची प्रतिक्रिया. टक्कर यांच्या दिशेने दाब देत असेल, तर हीही बले क्षणभर प्रचंड होतात आणि त्यांचा आवेग सोडता येत नाही. दोरीला टांगलेल्या ठोकळ्यात गोळी आडवी शिरली तर आडवा संवेग टिकतो, कारण त्या क्षणी दोरी उभी आहे. तीच गोळी वरून तिरपी शिरली तर आडवा घटक टिकतो आणि उभा घटक दोरी खाऊन टाकते. घर्षणाबाबत आणखी एक बारकावा आहे. चेंडू खडबडीत जमिनीवर तिरपा आदळला तर लंब प्रतिक्रियाच क्षणिक आणि प्रचंड असल्याने तिच्या प्रमाणात येणारे घर्षणही तसेच होते, आणि घसरण चालू असेपर्यंत त्याचा आवेग घर्षणांक गुणिले लंब आवेग इतका धरावा लागतो.

चिन्हांची चूक ही सर्वांत जुनी चूक आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ मध्ये टकरीचे नियम प्रसिद्ध केले तेव्हा ‘गतीचे परिमाण’ ही कल्पना त्याने दिशेविना वापरली आणि त्याचे बहुतेक नियम चुकीचे निघाले. १६६८-६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वॉलिस, रेन आणि डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी आपापले नियम मांडले, तेव्हा दिशा हिशेबात घेतल्यामुळे चित्र स्पष्ट झाले. म्हणून गणिताच्या पहिल्याच ओळीत ‘उजवी दिशा धन’ असे लिहावे, आणि अज्ञात वेगाची दिशा कधीही आधी ठरवू नये. तो धन मानून सोडवावा, उत्तरातील चिन्हच दिशा सांगेल.

हायगेन्सची युक्ती मात्र मी प्रत्येक विद्यार्थ्याला आवर्जून शिकवतो. कालव्यातून संथपणे जाणाऱ्या होडीतला माणूस दोन गोळ्यांची टक्कर घडवतो आणि काठावरचा माणूस ती पाहतो, अशी त्याने कल्पना केली. होडीचा वेग योग्य निवडला की होडीतून टक्कर अगदी सोपी दिसते. आजच्या भाषेत ती होडी म्हणजे वस्तुमान केंद्राची संदर्भ चौकट. एक उदाहरण घेऊ. २ किलोग्रॅमचा गोळा ५ मी/से वेगाने उजवीकडे जातो आहे आणि ३ किलोग्रॅमचा गोळा तितक्याच वेगाने डावीकडे येतो आहे. एकूण संवेग १० वजा १५, म्हणजे उणे ५. एकूण वस्तुमान ५. म्हणून वस्तुमान केंद्राचा वेग उणे १ मी/से. या केंद्रावरून पाहिले तर पहिल्याचा वेग अधिक ६ आणि दुसऱ्याचा उणे ४ दिसतो. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे इलॅस्टिक, असेल तर या चौकटीत दोघांचे वेग नुसते उलटतात: उणे ६ आणि अधिक ४. पुन्हा जमिनीवर आल्यावर ते उणे ७ आणि अधिक ३ होतात. पडताळा पाहा: संवेग उणे १४ अधिक ९, म्हणजे उणे ५, गतिज ऊर्जा आधी ६२.५ ज्यूल आणि नंतर ४९ अधिक १३.५, म्हणजे तेवढीच. पाठ केलेली दोन लांब सूत्रे न वापरता एवढेच लक्षात ठेवावे की स्थितिस्थापक टकरीत वस्तूचा नवा वेग म्हणजे वस्तुमान केंद्राच्या वेगाच्या दुपटीतून तिचा जुना वेग वजा. ते लांब सूत्र दीड महिन्यात विसरले जाते आणि परीक्षेत त्यातले चिन्ह हमखास उलटते. ही ओळ टिकते.

रेस्टिट्यूशनचा गुणांक, ज्याला आपण ‘ई’ म्हणतो, तोही याच रीतीने सहज बसतो. दूर जाण्याचा सापेक्ष वेग भागिले जवळ येण्याचा सापेक्ष वेग, अशी त्याची व्याख्या आहे. न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रिन्सिपियात दोरीला टांगलेल्या गोळ्यांवरील प्रयोगांचे आकडे दिले आहेत: लोकरीच्या घट्ट गोळ्यांसाठी हे गुणोत्तर सुमारे ५ ला ९ आणि काचेच्या गोळ्यांसाठी सुमारे १५ ला १६. वस्तुमान केंद्राच्या चौकटीत वेग उलटतात आणि ‘ई’ पट होतात, एवढाच बदल. वरच्या उदाहरणात ‘ई’ अर्धा असेल तर उणे ३ आणि अधिक २, जमिनीवर उणे ४ आणि अधिक १. ‘ई’ शून्य असेल तर दोघेही उणे १ ने एकत्र जातात. ऊर्जेचा तोटा ‘ई’ अर्धा असताना ४५ ज्यूल आणि शून्य असताना ६० ज्यूल येतो. या दोन आकड्यांमागे एक सूत्र आहे आणि ते मात्र पाठ करण्याच्या योग्यतेचे आहे: तोटा म्हणजे अर्धा गुणिले रिड्यूस्ड मास गुणिले सापेक्ष वेगाचा वर्ग गुणिले एक वजा ‘ई’चा वर्ग. रिड्यूस्ड मास म्हणजे दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज. इथे ६ भागिले ५, म्हणजे १.२ किलोग्रॅम. सापेक्ष वेग १०, म्हणून अर्धा गुणिले १.२ गुणिले १०० म्हणजे ६०, आणि ‘ई’ अर्धा असताना त्याचे तीनचतुर्थांश म्हणजे ४५.

याच सूत्रातून विधान-कारण प्रकारच्या प्रश्नांचे उत्तरही मिळते. पूर्ण अस्थितिस्थापक टकरीत सगळी गतिज ऊर्जा नाहीशी होते, हे विधान साधारणपणे खोटे आहे; वस्तुमान केंद्राच्या सापेक्ष असलेली ऊर्जा तेवढी जाते आणि केंद्रासोबतची ऊर्जा, इथे २.५ ज्यूल, उरते. तसेच स्थितिस्थापक टकरीत गतिज ऊर्जा सर्व काळ स्थिर असते, हेही खोटे आहे. संपर्कात असताना तिचा काही भाग आकार दबण्यात साठतो आणि नंतर परत मिळतो. संवेग मात्र त्या सबंध काळात प्रत्येक क्षणी तेवढाच असतो.

या रीतीचे सामर्थ्य किती आहे हे पाहायचे असेल तर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चॅडविकचे १९३२ मधील काम पाहावे. बेरिलियममधून निघणाऱ्या अदृश्य किरणांनी हायड्रोजनचे केंद्रक जास्तीत जास्त सुमारे ३.३ कोटी मी/से वेगाने उडते, आणि नायट्रोजनचे सुमारे ४७ लाख मी/से वेगाने, एवढीच माहिती हाती होती. स्थिर वस्तूला समोरासमोर स्थितिस्थापक धडक बसली तर तिचा वेग वस्तुमान केंद्राच्या वेगाच्या दुप्पट होतो. अज्ञात कणाचा वेग दोन्ही ठिकाणी सारखाच असल्याने दोन वेगांचे गुणोत्तर घेताच तो निघून जातो आणि उरते: अज्ञात वस्तुमान अधिक १४, भागिले अज्ञात वस्तुमान अधिक १, बरोबर सुमारे ७. सोडवल्यावर अज्ञात वस्तुमान प्रोटॉनच्या १.१६ पट येते. मोजमापातील त्रुटी धरता हा कण प्रोटॉनइतक्याच वजनाचा आहे हे स्पष्ट झाले, आणि न्यूट्रॉन सापडला. न्यूट्रॉनचा वेग कमी करायला हलकी केंद्रके का लागतात, हेही याच ओळीतून कळते. जड पाण्यातील ड्यूटेरॉनशी, म्हणजे जड हायड्रोजनच्या केंद्रकाशी, समोरासमोर टक्कर झाल्यास न्यूट्रॉनची आठ नवमांश ऊर्जा एका फटक्यात जाते, कार्बनशी झाल्यास सुमारे २८ टक्के, आणि शिशाशी झाल्यास जेमतेम २ टक्के. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत न्यूट्रॉन मंदावण्यासाठी जड पाणी असते; ते शिसे असू शकत नाही याचे गणित अकरावीच्या विद्यार्थ्याला करता येते. नीटमध्ये या धर्तीचे प्रश्न अधूनमधून येतात.

दिशेचा मुद्दा तिरप्या टकरीत पुढे येतो. दोन गुळगुळीत गोळ्यांमध्ये बल फक्त त्यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर असते. तिला आघातरेषा म्हणू. अक्ष आडवा-उभा न घेता एक अक्ष या रेषेवर आणि दुसरा तिला लंब घ्यावा. लंब दिशेत प्रत्येक वस्तूचा वेग जसाच्या तसा राहतो. आघातरेषेवर वर सांगितलेली एकमितीय टक्कर घडते. ‘ई’ फक्त आघातरेषेवरील घटकांना लावायचा असतो, संपूर्ण वेगाला कधीच नाही. समान आकाराच्या आणि समान वस्तुमानाच्या दोन चकत्या घ्या. एक स्थिर आहे. दुसरीच्या केंद्राचा मार्ग पहिलीच्या केंद्रापासून एका त्रिज्येइतका बाजूने जातो. टकरीच्या क्षणी केंद्रांतील अंतर दोन त्रिज्या, म्हणून आघातरेषा मूळ वेगाशी ३० अंशांचा कोन करते. ‘ई’ एक असेल तर आघातरेषेवरचा सगळा घटक स्थिर चकतीला मिळतो आणि येणारी चकती लंब दिशेने मूळ वेगाच्या अर्ध्याने जाते. दोघींतील कोन ९० अंश. ‘ई’ अर्धा घेतला तर येणाऱ्या चकतीकडे आघातरेषेवर मूळ वेगाच्या ०.२१७ पट वेग शिल्लक राहतो आणि हा कोन सुमारे ६७ अंश होतो.

नव्वद अंशांचा नियम विद्यार्थ्यांना फार प्रिय असतो, म्हणून त्याच्या अटी स्पष्ट सांगतो: वस्तुमाने समान हवीत, एक वस्तू स्थिर हवी, टक्कर पूर्ण स्थितिस्थापक हवी आणि ती समोरासमोरची नसावी. कॅरमबोर्डवर स्ट्रायकर आणि सोंगटी यांना तो लागू नाही, कारण स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत असतो आणि सोंगटी ५ ग्रॅमच्या आसपास. वस्तुमान केंद्राचा वेग इथे स्ट्रायकरच्या वेगाच्या तीनचतुर्थांश आहे आणि केंद्राच्या सापेक्ष स्ट्रायकरचा वेग एकचतुर्थांश. त्यामुळे एका स्थिर सोंगटीला धडकून स्ट्रायकर आपल्या मार्गापासून ज्या कमाल कोनात वळेल त्याचा साइन एक तृतीयांश, म्हणजे कोन १९.५ अंश. कितीही कडेने मारले तरी त्याहून जास्त नाही. कमाल विचलनाचा हा प्रश्न जेईईच्या तयारीत पुनःपुन्हा भेटतो आणि संदर्भ चौकट बदलल्याखेरीज तो कंटाळवाणा होतो.

दिशानिहाय विचाराची खरी कसोटी पाचरीच्या गणितात लागते. गुळगुळीत जमिनीवर ४५ अंशांची पाचर ठेवली आहे. तिच्याच वस्तुमानाचा गोळा उभा खाली पडून विशिष्ट वेगाने तिच्या उतारावर आदळतो. टक्कर स्थितिस्थापक आहे. उभ्या दिशेत संचाचा संवेग टिकत नाही, कारण जमीन पाचरीला वर ढकलते. आडव्या दिशेत टिकतो. उताराच्या दिशेने गोळ्याचा स्वतःचा वेग बदलत नाही, कारण उतार गुळगुळीत आहे. आणि उताराला लंब दिशेत सापेक्ष वेग उलटतो. तीन अज्ञात आणि तीन समीकरणे. सोडवल्यावर पाचर मूळ वेगाच्या दोन तृतीयांशाने सरकते, गोळा विरुद्ध बाजूला तितक्याच आडव्या वेगाने जातो, आणि त्याचा उभा वेग एक तृतीयांश उरतो, तोही खालीच. पाचर स्थिर असती तर गोळा अगदी आडवा उडाला असता. ती सरकते म्हणून तो थोडा खाली झुकतो. ऊर्जेचा पडताळा चार नवमांश, एक नवमांश आणि चार नवमांश यांच्या बेरजेने पूर्ण होतो. हे एक गणित कागदावर शांतपणे पूर्ण सोडवणे मी साध्या दहा गणितांपेक्षा अधिक मोलाचे मानतो.

स्प्रिंगची गणिते म्हणजे संथपणे घडणारी टक्करच. २ किलोग्रॅमचा ठोकळा ६ मी/से वेगाने येऊन ४ किलोग्रॅमच्या स्थिर ठोकळ्याला लावलेल्या स्प्रिंगवर आदळतो. स्प्रिंगचा स्थिरांक १२०० न्यूटन प्रति मीटर. स्प्रिंग सर्वाधिक दबते तेव्हा दोघांचा वेग सारखा, २ मी/से असतो. सापेक्ष गतीची २४ ज्यूल ऊर्जा स्प्रिंगमध्ये जाते आणि दाब ०.२ मीटर येतो. स्प्रिंग पुन्हा मोकळी झाल्यावर वेग उणे २ आणि अधिक ४. इथला सापळा तीन ठोकळ्यांच्या गणितात असतो. समान वस्तुमानाचे दोन ठोकळे स्प्रिंगने जोडलेले आहेत आणि तिसरा तितकाच ठोकळा येऊन त्यांतल्या एकाला चिकटतो. चिकटण्याच्या क्षणी स्प्रिंग दबलेली नसते, म्हणून पलीकडच्या ठोकळ्याला टक्कर झाल्याचे अजून कळलेलेच नाही. संच फक्त दोघांचा. त्यांचा वेग निम्मा होतो, ऊर्जेचा तोटा तिथेच होतो, आणि मगच स्प्रिंगचा टप्पा सुरू होतो. अशा रीतीने स्प्रिंगमधील कमाल ऊर्जा येणाऱ्या ठोकळ्याच्या मूळ गतिज ऊर्जेच्या एक षष्ठांश येते. तिन्ही ठोकळे एकदम संचात घेणाऱ्याला दोन तृतीयांश मिळते, चौपट जास्त, आणि ते उत्तर पर्यायांत ठेवलेले असते.

उसळणाऱ्या चेंडूची गणिते लवकर आटोपता येतात. प्रत्येक उसळीत वेग ‘ई’ पट आणि उंची ‘ई’च्या वर्गाइतक्या पटीने कमी होते, बाकी सगळे भूमितीय श्रेढी आहे. मोठ्या चेंडूवर लहान चेंडू ठेवून सोडले तर लहान चेंडू आदर्श स्थितीत नऊपट उंच जातो, हेही वस्तुमान केंद्राच्या ओळीतून तोंडी निघते.

परीक्षांच्या स्वरूपाप्रमाणे सराव थोडा बदलावा. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, चुकीला गुण कापले जात नाहीत, आणि अकरावीचा भार सुमारे २० टक्के असतो. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात टक्कर हा भाग गतीच्या नियमांच्या प्रकरणात येतो, एनसीईआरटीत तो कार्य, ऊर्जा आणि शक्ती या प्रकरणात. दोन्ही वाचावेत, कारण रेस्टिट्यूशन गुणांकाचा विस्तार राज्य मंडळाच्या पुस्तकात अधिक आहे. सीईटीसाठी एकमितीय टक्कर, उसळी, गोळी-ठोकळा आणि ऊर्जेचा तोटा एवढे प्रकार तोंडपाठ वेगाने यायला हवेत. जेईई मेनमध्ये चुकीला एक गुण जातो, म्हणून तिथे उत्तर निवडण्याआधी टोकाच्या स्थितींनी पर्याय तपासावेत: दोन्ही वस्तुमाने समान केली तर काय होते, एक फार मोठे केले तर काय होते, ‘ई’ शून्य केला तर दोघांचे वेग एक होतात का. अक्षरांत दिलेले दोन तरी पर्याय या तपासणीत गळून पडतात. सरावात संख्या शेवटी घालाव्यात आणि ‘ई’ अक्षररूपातच ठेवून गणित सोडवावे. एकाच कष्टात स्थितिस्थापक, अस्थितिस्थापक आणि मधली अशा तिन्ही स्थिती हाती येतात.

राहिला परिवलनासह, म्हणजे वस्तू फिरू लागते अशा, टकरींचा भाग. सीईटीपुरती तयारी असेल तर तो सोडला तरी चालेल, जेईईसाठी मात्र नाही. दांडी बिजागरीला अडकवलेली असेल तर बिजागरीच्या आवेगामुळे रेषीय संवेग टिकत नाही. बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग टिकतो, कारण त्या आवेगाचे तिच्याभोवती आघूर्ण शून्य आहे. दांडी गुळगुळीत मेजावर मोकळी असेल तर रेषीय आणि कोनीय दोन्ही संवेग टिकतात, आणि रेस्टिट्यूशनचे समीकरण दांडीच्या केंद्राला न लावता जिथे धडक बसली त्या बिंदूच्या वेगाला लावायचे असते. समजा, एक कण मोकळ्या स्थिर दांडीच्या टोकाला काटकोनात स्थितिस्थापक धडक देऊन जागीच थांबतो. रेषीय संवेगावरून दांडीच्या केंद्राचा वेग म्हणजे वस्तुमानांचे गुणोत्तर गुणिले कणाचा वेग. कोनीय संवेगावरून टोकाला फिरण्यामुळे मिळणारा वेग त्याच्या तिप्पट. आणि दोघांची बेरीज कणाच्या मूळ वेगाइतकी हवी. म्हणून कणाचे वस्तुमान दांडीच्या एकचतुर्थांश असले पाहिजे. हेच गणित दांडीच्या मध्यापासून कोणत्याही अंतरावर धडक घेऊन करून पाहावे. अट अशी येते: वस्तुमानांचे गुणोत्तर गुणिले, एक अधिक त्या अंतराच्या आणि दांडीच्या लांबीच्या गुणोत्तराच्या वर्गाची बारापट, बरोबर एक. त्यात अंतर शून्य घातले की धडक मध्यावर बसते, दांडी फिरत नाही, आणि दोन्ही वस्तुमाने समान असावीत ही एकमितीय टकरीची ओळखीची अट परत मिळते. अंतर लांबीच्या निम्मे घातले की एकचतुर्थांश येते.